ऑफिसला नेता येणारं ऑक्सिजन मशीन, आठ महिने वापरल्यावर

मला आयएलडी आहे, म्हणजे फुफ्फुसं हळूहळू कडक होत जातात तो आजार. खुर्चीत बसलेली असले की सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का, ९४-९५, बघणाऱ्याला वाटणार पण नाही काही झालंय म्हणून, आणि पार्किंगपासून लिफ्टपर्यंत चालले की थेट ८४. डॉक्टर म्हणाले चालताना ऑक्सिजन लावा, तेव्हा मी मनातल्या मनात राजीनामा लिहून पण टाकला होता, सिलिंडर ओढत कोण ऑफिसला जाणार? मग हे पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर घेतलं. नोकरी अजून चालू आहे, म्हणून पाचपैकी चार स्टार.

वजन साधारण सव्वादोन किलो, खांद्याला लटकवून जाता येतं. सिलिंडरसारखं भरून आणायची भानगड नाही, खोलीतली हवा आत ओढतं, त्यातला नायट्रोजन अडकवतं आणि ९० टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन नाकात सोडतं. डेस्कवर प्लगला लावून ठेवलं की बॅटरीची चिंता नाही.

आता कापलेला एक स्टार. हे मशीन सतत ऑक्सिजन देत नाही, तुम्ही नाकाने श्वास घेतला की तेवढ्यापुरता एक झोत सोडतं. आणि माझं काम काय, तर दिवसभर बोलणं! ट्रेनिंग घेते मी. बोलताना माणूस तोंडाने श्वास घेतो हो, मशीनला वाटतं ही बाई श्वासच घेत नाहीये, आणि भर मीटिंगमध्ये टीं टीं टीं. पहिल्या दिवशी शेजारचा म्हणाला मॅडम तुमचा फोन वाजतोय, मी पण हो हो म्हणत पर्समध्ये हात घालून बसले. आता दोन वाक्यं झाली की थांबते, तोंड मिटून नाकाने श्वास घेते, मग पुढचं. लोकांना वाटतं मॅडम फार विचार करून बोलतात.

दुसरी गोष्ट नीट समजून घ्या, इथे बरेच जण फसतात. मशीनवर १ ते ५ आकडे असतात ते लिटर नाहीत. घरच्या मोठ्या मशीनवर २ लिटर लागतात म्हणून इथे २ वर ठेवलं तर तेवढंच मिळेल असं अजिबात नाही, माझं तर ५ वर ठेवलं तरी मिनिटाला जेमतेम १ लिटर तयार करतं. शिवाय माझ्या मॉडेलमध्ये मिनिटाचा कोटा ठरलेला आहे, म्हणजे जिना चढताना धाप लागून श्वास भराभर झाले की प्रत्येक श्वासाच्या वाट्याला उलट कमीच येतं, नेमकं पाहिजे तेव्हाच! म्हणून घ्यायच्या आधी ट्रायल मागाच, आणि खुर्चीत बसून नाही, बोटाला ऑक्सिमीटर लावून पाचसहा मिनिटं चांगलं चालून, जिना असेल तर एक मजला चढून. आणि मशीन कितीवर ठेवायचं तो आकडा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. मला एका विक्रेत्याने सोफ्यावर बसवून ९५ दाखवले होते, अहो ते तर माझे असेच येतात.

बॅटरीचे तास डब्यावर लिहिलेत ते मशीन १ वर ठेवल्यावरचे. ४ वर निम्म्याच्याही खाली येते, जादा बॅटरी घ्यावीच लागते. आवाज फार नाही पण शांत केबिनमध्ये फुस फुस ऐकू येतं, फोनवर समोरच्याला नाही येत. मागची जाळी आठवड्याला धुवायची, पूर्ण वाळवूनच परत लावायची. आणि सिगरेट ओढणाऱ्यांच्या घोळक्यापासून लांब राहा, आपल्या छातीसाठी तर आहेच पण ऑक्सिजन आणि पेटती वस्तू जवळ नकोच.

रात्री झोपताना मी हे वापरत नाही, घरी सतत देणारं मोठं मशीन आहे.

नाकातली नळी लोकांना दिसेल याचंच मला सगळ्यात जास्त टेन्शन होतं. चार दिवस बघितलं सगळ्यांनी, पाचव्या दिवशी एक जण म्हणाला तुमच्या चार्जरने आमचा प्लग अडवलाय. एक्स्टेन्शन बोर्ड पण सोबत घ्या.