जळगावचं 'हवेवर चालणारं सॅटेलाईट इंजिन' वर्कशॉप: जावं का?

आधी मार्क सांगून टाकतो, पाचपैकी चार. कापलेल्या एका मार्काचं कारण खाली लिहिलंय, म्हणूनच क्लासचं नाव टाकत नाही, जळगावात चौकशी केली की कळेलच.

विषय असा की जमिनीपासून 150 ते 250 किमीवर हवा नावालाच असते, पण सॅटेलाईटला खाली ओढायला तेवढीही पुरते, तर तीच हवा समोरून गोळा करायची, विजेने तिचा प्लाझ्मा (म्हणजे चार्ज झालेल्या कणांचा वायू) करायचा आणि मागे फेकायची, म्हणजे सोबत इंधनाची टाकी नको. मला वाटलं दिवसभर व्हिडिओ दाखवून घरी पाठवतील, पण सर पक्के निघाले. सुरुवात केली युरोपच्या गोचे सॅटेलाईटपासून. 2009 ला गेला, 255 किमीच्या आसपास फिरायचा, सोबत इंधन म्हणून 40 किलो झेनॉन वायू, आयन इंजिनने (विजेने चार्ज केलेले कण मागे फेकणारं) हवेचा ब्रेक भरून काढत चार वर्षं टिकला, ऑक्टोबर 2013 ला झेनॉन संपला आणि 11 नोव्हेंबरला खेळ खल्लास.

मागून एक पोरगा ओरडला, "हवाच नही तं इंजिन कसं चाली भो?" हॉल हसला, पण सर म्हणे दादा, हाच तर प्रश्न आहे, आणि सकाळचं पूर्ण सेशन त्यावरच गेलं. हा भाग वर्कशॉपचा जीव आहे. समोरची हवा सेकंदाला 7.8 किमी वेगाने आदळते, तोच ब्रेक. त्यातली समजा 40 टक्केच आपण पकडू शकलो, तर ती सेकंदाला जवळजवळ 20 किमी वेगाने मागे फेकावी लागते, तेव्हा कुठे हिशोब बरोबरीत येतो, आणि यात सोलर पॅनलचा ब्रेक धरलेलाच नाही. वेग वाढवायचा तर वीज जास्त, वीज जास्त तर पॅनल मोठं, पॅनल मोठं तर ब्रेक परत वाढला! खाली उतरलं तर हवा जास्त मिळते पण ब्रेकही वाढतो. हे सगळं फळ्यावर खडूने, स्लाईड नाही, मजा आली.

हवा पकडणं पण सोपं नाही, तिथे एक कण दुसऱ्याला धडकायच्या आधी शेकडो मीटर जातो, त्यामुळे जेट इंजिनासारखं दाबून वगैरे चालत नाही, मासे धरायच्या टोपलीसारखं आत यायला सोपं आणि बाहेर पडायला अवघड असं तोंड करावं लागतं. त्यात झेनॉनचा इलेक्ट्रॉन काढायला 12.1 इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे ऊर्जेचं माप) पुरतात, नायट्रोजनला 15.6 लागतात, आणि हे कण हलके असल्याने आयन व्हायच्या आधीच सटकतात. वरून सुटा ऑक्सिजन नेहमीच्या कॅथोडची (इंजिनातला इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) वाट लावतो, म्हणून जर्मनीत श्टुटगार्टवाले रेडिओ लहरींनी प्लाझ्मा करणारं, कॅथोडच नसलेलं इंजिन बनवताहेत.

एकाने विचारलं जपानने तर हे केलंय ना, त्यांचा त्सुबामे सॅटेलाईट 2019 मध्ये 167.4 किमीपर्यंत उतरला होता. सर म्हणे उतरला, पण स्वतःचं इंधन घेऊन. हवेवर चालवलं ते 2018 मध्ये इटलीत, सिताएल कंपनीच्या व्हॅक्यूम चेंबरमध्ये, आधी झेनॉनवर पेटवलं मग नायट्रोजन-ऑक्सिजनवर आणलं, तर निळा झोत जांभळा झाला. जमिनीवरच पण. आणि वर सूर्याचा मूड बिघडला की हवेची घनता एकदम वाढते, फेब्रुवारी 2022 ला 210 किमीवर सोडलेल्या 49 स्टारलिंक सॅटेलाईटपैकी बरेचसे तसेच गेले.

दुपारी काचेच्या बरणीतली हवा पंपाने काढून गुलाबी-जांभळा प्लाझ्मा दाखवला. छान होता, पण बरणी लहान आणि गर्दी एवढी की मागच्यांना फक्त पुढच्यांचे मोबाईल दिसले, दोन बॅच करायला काय जात होतं? आणि मे महिन्यात जळगावात एकच कूलर, तोही सरांकडे तोंड करून! सर्टिफिकेटचे पैसे वेगळे मागितले हे तर अजिबात नाही पटलं, जाहिरातीत तसं कुठेच नव्हतं.

जेवण मात्र फुल मार्क, भरीत आणि कळण्याची भाकरी. बारावी सायन्स, डिप्लोमा, इंजिनिअरिंगवाल्यांनी नक्की जा, आठवी-नववीची पोरं दुपारपर्यंत पेंगतील, त्यांना नका पाठवू. पुढची बॅच पावसाळ्यात म्हणताहेत, आधी फोन करून सर्टिफिकेटचं विचारून घ्या आणि बसायला पुढची जागा पकडा.