इंटर्नशिपला जर्मनी की जपान? उद्यमबागेतून बघताना

सातवं सेमिस्टर सुरू झालं की बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर चार-पाच पोरं-पोरी येऊन थांबतात. आधी कॉलेजच्या गप्पा, मग हळूच प्रश्न: "दादा, जर्मनी बरं की जपान?" 2024 मध्ये शेवटच्या सेमिस्टरला मी पाच महिने दक्षिण जर्मनीत होतो. निपाणीचा माझा हॉस्टेलमधला खोलीदोस्त त्याच वेळी ओसाकाशेजारी होता. दोघंही परत आलो, दोघंही बेळगावात हायड्रॉलिकच्याच धंद्यात आहोत, आणि या प्रश्नावर आमचं आजवर एकमत झालेलं नाही. त्यामुळं खाली त्याची बाजूही लिहितोय, पण लिहिणारा मी आहे हे लक्षात ठेवून वाचा.

आधी कागद, कारण गाडी तिथंच अडते

आपल्या भागातल्या पोरांची कागदपत्रं ही वेगळीच भानगड आहे. बेळगावचं सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बदलून 'बेळगावी' झालं. आज इंजिनिअरिंगला असलेल्यांच्या जन्मदाखल्यावर जुनं स्पेलिंग, आधारवर नवं, आणि पासपोर्टवर काय आहे ते घरी कुणाला आठवत नाही. त्यात कर्नाटकच्या दहावीच्या मार्कलिस्टवर नावापुढं नुसती आद्याक्षरं, तर पासपोर्टात वडिलांच्या नावासकट सगळं लांबलचक. आपल्याला यात काही खटकत नाही. परदेशातल्या एचआरवाल्या बाईंना ही दोन वेगळी माणसं वाटतात. पासपोर्ट प्रमाण धरा आणि करार, विमा, विद्यापीठाचं पत्र सगळं त्याच स्पेलिंगनं मागवा. मी हे उशिरा शिकलो. माझं कंपनीचं पत्र दोनदा बदलून घ्यावं लागलं आणि त्यात तीन आठवडे गेले.

इथून पुढं दोन देशांची रीत वेगळी होते. जर्मनीच्या लांब मुक्कामाच्या व्हिसासाठी धावायचं ते तुम्ही. कर्नाटकातला पत्ता असेल तर बेंगळूर. माझा मावसभाऊ चंदगडचा, घर आमच्यापासून तासाभरावर, पण तो महाराष्ट्रात म्हणून त्याला मुंबई. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी बेंगळूर गाठायचं, फाइल द्यायची, रात्री परत. आता वंदे भारतही आहे, पण सकाळच्या अपॉइंटमेंटला रात्रीची गाडीच कामाची. खरी अडचण अपॉइंटमेंट मिळण्याची, म्हणून पाच-सहा महिने आधी सुरुवात करा.

जपानात उलट. तीन महिन्यांच्या वरचा मुक्काम असेल तर पात्रतेचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठी तिथल्या इमिग्रेशन ऑफिसात अर्ज करते ती कंपनी. ते हातात आलं की बेंगळूरच्या वकिलातीचं काम तुलनेनं किरकोळ. माझा मित्र म्हणतो, "मी काहीच केलं नाही, नुसती वाट बघितली." पण कंपनी आळशी निघाली तर तुमच्या हातात वाट बघण्यापलीकडं काही उरत नाही. मला धावाधाव परवडते, वाट बघणं नाही.

पैसा

जर्मनीत एक बारीक कलम आहे, ते नीट समजून घ्या. इंटर्नशिप तुमच्या अभ्यासक्रमात सक्तीची असेल तर किमान वेतनाचा कायदा तिला लागू होत नाही. ऐच्छिक असेल आणि तीन महिन्यांच्या वर चालली तर लागू होतो. 2026 पासून हा दर तासाला 13.90 युरो आहे आणि युरोनं आता शंभरी ओलांडली आहे, तेव्हा हिशेब करून बघा. व्हीटीयूच्या, म्हणजे आमच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या, पोरांची शेवटच्या वर्षाची इंटर्नशिप सक्तीची, म्हणजे कंपनी देईल ते आपलं. मला मिळत होतं त्यातलं जवळपास निम्मं खोलीच्या भाड्यात जायचं. मित्राला स्टायपेंड माझ्यापेक्षा कमी होता, पण कंपनीच्या वसतिगृहात खोली जवळजवळ फुकट, त्यामुळं महिनाअखेरीला त्याच्याकडं जास्त उरायचं.

डाड या जर्मन संस्थेच्या 'वाईज' शिष्यवृत्तीचं नावही कानावर येईल. ती ठरावीक संस्थांच्या विद्यार्थ्यांसाठीच असते. स्वप्नं रंगवण्याआधी आपलं कॉलेज यादीत आहे का, एवढं बघा.

आणि एजंट. माझ्या एका ज्युनिअरनं 'युरोपात इंजिनिअरिंग इंटर्नशिप, राहणं-खाणं-फिरणं सकट' म्हणून एकाला दीड लाख मोजले. हातात पडलं ते हॉटेलात चादरी बदलायचं काम. वडिलांनी शेत गहाण टाकलं होतं. जी कंपनी तुम्हाला घेते ती तुमच्याकडून पैसे मागत नाही. जपान असो, जर्मनी असो, पैसे मागणारी ती कंपनी नव्हे.

फिरणं, म्हणजे रविवार

घरच्यांना सांगत नाही, पण खरा ओढा याचाच असतो. असू दे की. वीस-एकवीसच्या वयात परदेशी जाऊन खोलीत बसायचं काय?

माझ्या वेळी जर्मनीचं डॉइचलांड तिकीट महिन्याला 49 युरोला होतं. 2025 मध्ये ते 58 झालं आणि आता 63 आहे. एवढ्यात देशभरातल्या शहरी बस, ट्राम, मेट्रो आणि सगळ्या प्रादेशिक गाड्या. आयसीई, आयसीसारख्या वेगवान गाड्या त्यात नाहीत. म्हणजे हळू जायचं, तीन ठिकाणी गाडी बदलायची आणि डबे मोजत खिडकीशी बसायचं. म्युनिकहून फ्युसेनला जाऊन नॉयश्वानस्टाइनचा किल्ला बघितला, आणि एकदा त्याच तिकिटावर ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंत गेलो, कारण ते तिकीट साल्झबुर्गच्या स्टेशनापर्यंत चालतं. शिवाय जर्मनीचा लांब मुक्कामाचा व्हिसा असला की बाकीच्या शेंगेन देशांत 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं. एका शिक्क्यावर 29 देश. जपानकडं याला उत्तर नाही.

पण माझा मित्र इथं हसतो. म्हणतो, "तू पाच महिन्यांत सात देशांची स्टेशनं बघितलीस." बोचतं, कारण थोडं खरं आहे.

त्याचं असं झालं. त्यानं इथूनच जपान रेल्वेच्या सात दिवसांच्या जेआर पासचं गणित मांडलं होतं. पण तो पास अल्पमुदतीच्या पर्यटकांसाठी असतो, पगारी इंटर्नच्या व्हिसावर मिळत नाही. मिळाला असता तरी 2023 च्या ऑक्टोबरात त्याची किंमत 29,650 येनवरून एकदम 50,000 वर गेली होती. मग त्यानं सेइशुन 18 हे तिकीट घेतलं. नावात 18 असलं तरी वयाची अट नाही, आणि शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) सोडून जेआरच्या साध्या गाड्यांत दिवसभर हिंडता येतं. त्याच्या वेळी ते सुटे-सुटे पाच दिवस वापरता यायचं. 2024 च्या हिवाळ्यापासून सलग तीन किंवा सलग पाच दिवस झालंय, पाचाचे 12,050 येन. आठवड्यातून एक सुट्टी असणाऱ्या इंटर्नच्या आता ते फारसं उपयोगाचं नाही. ते तिकीट हा तुमचा आधार असेल तर बेत बदला.

तरीही त्याचं फिरणं माझ्यापेक्षा भरीव झालं, कारण गाव बरोबर मिळालं. हिगाशी-ओसाका म्हणजे छोट्या कारखान्यांची दाटी, तिथली उद्यमबागच म्हणा. तिथून नारा लोकल गाडीनं अर्ध्या तासाच्या आसपास. क्योतो, हिमेजीचा किल्ला, कोबे सगळं एका दिवसात जाऊन येण्यासारखं. नाराच्या तोदाइजी मंदिरातल्या प्रचंड बुद्धमूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी 752 मध्ये बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूनं केला होता. हे त्याला एका म्हाताऱ्या जपानी आजोबांनी खाणाखुणा करत सांगितलं. नंतर तो त्या मंदिरात सहा वेळा गेला. मी म्युनिकला एकदा गेलो, फोटो काढले, परत आलो.

माझ्या मुक्कामातलं मला सगळ्यात आवडलेलं ठिकाण मात्र कुठल्याच सहलीच्या पत्रकात नसतं. उल्म. आइन्स्टाइनचं जन्मगाव, आणि 161 मीटर उंचीच्या मनोऱ्याचं चर्च, जे 1890 पासून 2025 पर्यंत जगातलं सर्वांत उंच चर्च होतं. पण मी तिथं जायचो ते नदीसाठी. डॅन्यूबच्या अलीकडं उल्म, बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात. पलीकडं नवं उल्म, बायर्न राज्यात. 1810 मध्ये नदी हीच हद्द ठरली आणि एका गावाची दोन झाली. योगायोग असा की महाराष्ट्राचा भागीदारी करार बाडेन-व्युर्टेमबर्गशी आहे आणि कर्नाटकचा बायर्नशी. मी पुलाच्या मध्यावर उभा राहून आईला फोन लावला, "आई, मी शिनोळीच्या नाक्यावर उभा आहे." (शिनोळी म्हणजे बेळगावजवळची आपली महाराष्ट्र-कर्नाटक हद्द.) तिला वाटलं मी घरी आलो.

भाषा आणि ताट

तीन भाषांत वाढलेल्या आपल्या पोरांना भाषेची धास्ती वाटू नये. दुकानात मराठी, बसमध्ये कन्नड, कॉलेजात इंग्रजी हे रोजचंच. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत, हिंदीवाले रडतात, आपण नाही. 'मुलगी' तिथं नपुंसकलिंगी, पण आपल्याकडं 'पोरगं' काय वेगळं आहे? जपानीत क्रियापद शेवटी आणि प्रत्यय शब्दाच्या मागं, म्हणजे वाक्य मराठी-कन्नडच्या साच्यात आपोआप बसतं. वर्णमालासुद्धा अ-इ-उ-ए-ओ, क-स-त-न अशी, संस्कृतच्या वळणानं लावलेली. लिपी मात्र घाम काढते. कारखान्यातल्या पाट्या वाचायला कांजी, म्हणजे चिनी वळणाची चित्राक्षरं, लागते आणि ती चार महिन्यांत येत नाही. जर्मनची पाटी कळली नाही तरी निदान वाचता येते. पुण्यात आणि बेंगळुरात दोन्ही भाषांचे वर्ग आहेत, इथून ऑनलाइन करा. जपानसाठी तिथल्या भाषेच्या परीक्षेतल्या पहिल्या पायरीची (एन5) नव्हे, तिच्या वरच्या एन4 ची तयारी करून जा.

शाकाहारी, त्यातही माळकरी घरातले असाल, तर जपान जड जाईल. नुसत्या दिसणाऱ्या सुपातही माशाचा अर्क असतो. जर्मनीत पाव, चीज, बटाटा आणि तुर्की दुकानातली डाळ यावर निभतं. फक्त रविवारी सगळी दुकानं बंद, हे पहिल्या आठवड्यात विसरलात की उपास. जाताना आजी कुंद्याचा डबा देईलच. युरोपात दुधाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. कुंदा मिठाईत मोडतो की दुधात, हे कस्टमवाल्याला समजावत बसण्यापेक्षा तो डबा विमानतळावर सोडायला आलेल्यांनाच द्या.

कामाचं काय

उद्यमबागेत कुठल्याही शेडमध्ये जा, भिंतीवर फाइव्ह-एसचा, म्हणजे कारखान्यातल्या नीटनेटकेपणाच्या पाच जपानी नियमांचा, तक्ता असतो: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. खाली तेलाचं थारोळं. मित्र म्हणतो, तिथं तक्ता नव्हता, फरशी होती. पहिले दोन आठवडे त्याला मशीनला हात लावू दिला नाही, हत्यारं पुसून जागेवर ठेवायला लावली. ती सवय त्यानं इथं आणली आणि आज त्याचं शेड बघायला लोक येतात. मला जर्मनीत तिसऱ्याच दिवशी टेस्ट बेंच दिला आणि चुकलास तर विचार म्हणाले. मी चुकलो, विचारलं, शिकलो. शुक्रवारी दुपारी हॉल रिकामा व्हायचा आणि थांबलो तर मास्टर हटकायचा. जपानात सीनिअर उठेपर्यंत कुणी उठत नसे.

कारखान्याची शिस्त अंगात मुरवून इथंच धंदा करायचा असेल तर जपान. डिझाइन, टेस्टिंग, पुढं मास्टर्सचा विचार असेल तर जर्मनी. हातात दोनच महिने असतील तर जर्मनीच्या धावपळीत पडू नका. पाच-सहा असतील तर मी पुन्हा जर्मनीच निवडेन, मित्र पुन्हा जपान.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं जुळतं. ऑफर लेटर आलं की स्टायपेंडच्या आकड्याआधी पत्ता बघा. नकाशात तिथलं जवळचं स्टेशन शोधा, रविवारचं वेळापत्रक उघडा आणि संध्याकाळची शेवटची परतीची गाडी किती वाजता आहे ते लिहून घ्या. माझ्या गावाला ती साडेआठची होती. जून महिन्यात तिथं साडेनऊपर्यंत उजेड असतो.