८५ मिमी लेन्स: किती वजन उचलायचं आणि कशासाठी?

सोनीच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर पोर्ट्रेटसाठी लेन्स शोधताना तीन नावं हमखास समोर येतात: सिग्मा ९० मिमी एफ/२.८ कंटेम्पररी, सोनी ८५ मिमी एफ/१.८ आणि सिग्मा ८५ मिमी एफ/१.४ डीजी डीएन आर्ट. वजनं साधारण २९५, ३७१ आणि ६२५ ग्रॅम, फिल्टर ५५, ६७ आणि ७७ मिमीचे. सोनीचा छोटा ए७सी २ कॅमेरा बॅटरी-कार्डासकट ५१४ ग्रॅम भरतो. त्यामुळे त्यावर सिग्मा ८५ (पुढे नुसतं ‘आर्ट’) लावली की तोल पुढे जातो आणि डावा हात लेन्सखालून काढता येत नाही.

निवड शार्पनेसवर करू नका. मध्यभागी तिघीही भरपूर शार्प आहेत. जास्तीच्या काचेतून खरं मिळतं ते प्रकाश आत घेणारं मोठं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर. फोकल लेंग्थला (८५ किंवा ९० मिमी) एफ-आकड्याने (१.४, १.८, २.८) भागलं की त्याचा व्यास निघतो: आर्टचा ६१ मिमी, सोनीचा ४७, सिग्मा ९० चा ३२. हे आकडे थेट फोटोत दिसतात. खूप दूरचा दिवा फोटोत धूसर चकती होतो आणि चेहऱ्याच्या मापाने मोजली तर ती चकती नेमकी या व्यासाएवढी असते. म्हणजे १५ सेंमी रुंद चेहऱ्यामागे आर्टवर ६ सेंमीची चकती, ९० वर ३ सेंमीची. हा फरक कुणालाही दिसेल. पण माणूस दोन मीटरवर आणि भिंत त्याच्या मागे फक्त एक मीटरवर असेल, तर धूसरपणा एक-तृतीयांशावर येतो: २ सेंमी विरुद्ध १ सेंमी. छोट्या खोलीत फोटो काढणाऱ्यांना मोठ्या लेन्सचा निम्मा आनंद तिथेच गमवावा लागतो.

प्रकाशाचा हिशेब मात्र खोली लहान असो की मोठी, तोच राहतो. हॉलमध्ये १/२०० शटरला एफ/१.४ वर आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १६०० पुरत असेल, तर एफ/१.८ वर २५०० आणि एफ/२.८ वर ६४०० लागेल. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन इथे कामाचं नाही. ते तुमचा हात सावरतं, अक्षता टाकणाऱ्यांचा नाही. संध्याकाळची लग्नं फ्लॅशशिवाय करणाऱ्यांसाठी आर्टचं वजन वसूल होतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पण एफ/१.४ किती वेळा वापरता येतं? दोन मीटरवर फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढ्या अंतरातलं शार्प दिसतं ते अंतर, जेमतेम साडेचार सेंमी असते (एफ/१.८ ला सहाच्या आसपास, ९० मिमी एफ/२.८ ला आठ). चेहरा जरा तिरका झाला की एक डोळा शार्प आणि दुसरा हरवलेला. वधू-वर खांद्याला खांदा लावून उभे असले तरी एकाचं डोकं थोडं मागे असतंच, म्हणून एफ/४ वर यावं लागतं. एफ/४ वर तिन्ही लेन्सचे फोटो शेजारी ठेवले तर कुठला कशाचा हे ओळखणं कठीण. जुन्या फोटोंची लायब्ररी लाइटरूम या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅपर्चरनुसार गाळून बघा. बहुतेक फोटो एफ/२.८ च्या पुढचे निघाले, तर ६२५ ग्रॅम तुमच्यासाठी नाहीत.

आर्टची एक गोष्ट आधी माहीत असावी. आकार लहान ठेवण्यासाठी सिग्माने डिस्टॉर्शनची दुरुस्ती सॉफ्टवेअरवर सोपवली आहे. दुरुस्ती बंद केली तर सरळ रेषा आत वाकतात. माणसांच्या फोटोत ते कळत नाही. चित्रांच्या किंवा इमारतींच्या फोटोत कळतं, म्हणून जेपीईजी काढणाऱ्यांनी मेनूमधलं डिस्टॉर्शन कॉम्पेन्सेशन ‘ऑटो’वरच ठेवावं. याच कंपनीची २०१६ ची एसएलआरसाठीची ८५ मिमी आर्ट ११३० ग्रॅमची होती. त्या तुलनेत ही तडजोड आम्हाला पूर्ण मान्य आहे.

सोनी एफ/१.८ चा दोष रंगाचा. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला फोकसच्या पुढच्या कडांना जांभळट आणि मागच्या कडांना हिरवट किनार येते. नथीचे मोती, जरीचा काठ, चांदीची भांडी अशा चमकत्या कडांवर ती सर्वात आधी दिसते. एफ/२.८ वर बरीच कमी होते. लाइटरूमचं डीफ्रिंज ती पुसतं, पण स्लायडर जास्त ओढला तर जांभळ्या साडीच्या काठाचाही रंग उडतो. अशा वेळी ब्रशने फक्त त्या कडेपुरतं लावावं. तिच्यावर अ‍ॅपर्चर रिंग नाही, पण फोकस-होल्ड बटण आहे आणि ते डोळ्यावरच्या ऑटोफोकसला जोडता येतं. तिघींतली एकच सुचवायची झाली तर हीच.

सिग्मा ९० वर ते बटण नाही आणि धूळ-पाण्यापासून संरक्षण फक्त माउंटच्या रबरापुरतं आहे, तेव्हा पावसात ती बाहेर काढू नये. बाकी धातूची बांधणी, अ‍ॅपर्चर रिंग आणि चुंबकाने बसणारं झाकण हाताळताना फार सुख देतं. ती ५० सेंमीपर्यंत जवळ जाते. बाकी दोघी ८० आणि ८५ सेंमीवर थांबतात. मेंदी, दागिने, ताटातले पदार्थ टिपायला हे ३० सेंमी मोलाचे आहेत. गडावर चढताना किंवा प्रवासात दिवसा वापरायची असेल तर हीच घ्या.

सोनीचे वेगवान ए९ किंवा ए१ कॅमेरे वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की दोन्ही सिग्मा लेन्सवर सलग फोटोंचा वेग सेकंदाला १५ वर अडतो.