फोन घरी ठेवून गाणी: बटणांच्या प्लेयरचा अनुभव

मागच्या उन्हाळ्यापासून गाणी ऐकायला मी फोन वापरत नाही. बटणांचा छोटा एमपी३ प्लेयर, ३२ जीबीचं कार्ड आणि वायरचा इयरफोन, एवढाच सरंजाम. ॲपलने मे २०२२ मध्ये आयपॉड बंद केला, तरी असे साधे प्लेयर अजून ऑनलाइन मिळतात.

मी तो घेतला खासगीपणासाठी. गाण्यांच्या ॲपवर काय लावलं, किती वाजता लावलं, कुठलं गाणं मध्येच सोडलं, सगळ्याची नोंद राहते आणि त्यावरून पुढे काय ऐकवायचं ते ठरतं. सोलापुरातल्या माणसाची तर यात फारच पंचाईत. आमच्या घरी कन्नड वचनं (शिवभक्त संतांच्या छोट्या रचना), शेजारी तेलुगू भजनं, माझी आवड मराठी अभंग आणि ख्याल. ॲप सारखं मला कुठल्यातरी एका कप्प्यात टाकू बघायचं. या प्लेयरला सिम नाही, वायफाय नाही, ब्लूटूथही नाही. एकच बंदिश आठवडाभर ऐकली तरी ती माझ्याजवळच राहते. हे सुख मला फार मोठं वाटतं.

सकाळी सिद्धेश्वर तलावाला चक्कर मारताना तो सर्वात जास्त वापरला. हा तलाव बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी बांधवला असं मानतात, आणि त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. ती तिथेच, मध्ये एकही नोटिफिकेशन न येता ऐकायला मिळतात. बटणं खिशात हात घालून चाचपता येतात, स्क्रीन बघावी लागत नाही.

गाणी भरायला मात्र वेळ द्यावा लागतो. घरातल्या जुन्या सीडी संगणकावर उतरवल्या. ३२० केबीपीएसला (एमपी३चा वरचा दर्जा) मिनिटाला साधारण २.४ एमबी लागतात, म्हणजे ३२ जीबीत दोनशे तासांहून जास्त संगीत मावतं. मोठ्या कार्डाच्या मागे लागू नका: ६४ जीबी आणि पुढची कार्डं बहुधा एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतात, माझा प्लेयर फक्त फॅट३२ वाचतो.

खरी डोकेदुखी क्रमाची. गाणी नावाप्रमाणे न लागता कार्डावर ज्या क्रमाने कॉपी झाली त्या क्रमाने लागतात. विलंबिताआधी (संथ लयीच्या भागाआधी) द्रुत म्हणजे जलद लयीचा भाग सुरू झाला की रागाची सगळी बैठकच मोडते. आता फाइलच्या नावाआधी ०१, ०२ घालतो आणि एकेक फोल्डर त्याच क्रमाने कॉपी करतो. तरी दोन ट्रॅकच्या मध्ये क्षणभर शांतता येतेच, आणि सलग गायलेल्या मैफलीत ती खटकते. त्यावर मला उपाय सापडलेला नाही.

एफएम आहे, पण इयरफोनची वायरच ॲन्टेना असल्यामुळे ती लावल्याशिवाय चालत नाही. आकाशवाणी सोलापूर घरात स्वच्छ लागतं.

अडचणी आहेत. फोन नाही म्हणजे यूपीआय नाही, चहासाठी सुटे पैसे लागतात. कुठे चाललो आणि कधी येणार ते घरी सांगून निघावं लागतं. सात रस्त्यासारख्या चौकात दोन्ही कानांत इयरफोन घालून चालू नका. यंत्रमागाच्या शेडमध्ये तर तो काढूनच ठेवावा. मागांच्या खडखडाटावर मात करायला आवाज वाढवत नेला तर कानच जातील. जागतिक आरोग्य संघटनेने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे, आणि आवाज वाढला की हे तास झपाट्याने कमी होतात. एप्रिल-मेमध्ये प्लेयर गाडीच्या डिकीतही ठेवू नये, आपल्याकडच्या उन्हात बॅटरी फुगू शकते.

घेणार असाल तर आधी मराठी नावाची एखादी फाइल लावून बघा. माझ्या प्लेयरवर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते. रोमन नावं दिली की चालतं, पण अभंगाचं नाव देवनागरीत वाचायची सवय असलेल्या आईवडिलांसाठी घेत असाल तर हे आधी तपासाच.