चमकपट्टी: दंडाला नको, घोट्याला बांधा

अंधार पडल्यावर चालायला जाते म्हणून मुलाने ही वेल्क्रोची चमकपट्टी आणून दिली. काम चोख आहे. आतले काचेचे बारीक मणी हेडलाइटचा उजेड आला त्याच दिशेला परत फेकतात. त्यामुळे आपल्याला ती नुसती करडी दिसते आणि चालकाला लखलखीत. खात्री करायची तर टॉर्च डोळ्याशेजारी धरून बघा. बांधायची मात्र घोट्याला. पावलागणिक ती हलते, तेव्हा समोर माणूस आहे हे गाडीवाल्याला लांबूनच उमगतं. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर कापते, म्हणून या ‘लांबून’लाच किंमत. भिजल्यावर चमक उतरते, आणि वेल्क्रोत मोज्याचे धागे अडकतात. वैताग नुसता!

‘रस्ता ओलांडा निर्धास्त’ हे वेष्टनावरचं वाक्य मात्र पटलं नाही. वळणाऱ्या गाडीचे दिवे आपल्यावर पडेपर्यंत ती अंगावर आलेली असते. तिथे रस्त्याच्या कोपऱ्याची गोलाई आवळून, म्हणजे वळण तीव्र करून, गाडीचा वेग उतरवायला हवा, रुंद रस्त्यात मधे पायी माणसाला थांबायला उंच ओट्यासारखं बेट हवं. हे पट्टीने कसं व्हावं? एक तारा त्या वाक्यासाठी कापला. घेणार असाल तर रुंद घ्या, दोन्ही पायांना.