फ्री डिशच्या बॉक्सला हार्ड डिस्क: दीड वर्षाचा अनुभव

आधीच सांगून टाकतो. गावी आईआप्पांच्या टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करायला सध्या जी डिस्क फिरते आहे ती मी विकत घेतलेली नाही. माझ्या बंद पडलेल्या जुन्या लॅपटॉपमधून काढलेली ५०० जीबीची आहे. याच कामासाठी घेतलेली २ टीबीची नवीकोरी डिस्क माझ्या कपाटात फोटो सांभाळत बसली आहे.

घर राधानगरी तालुक्यात. छतावर डीडी फ्री डिशची (दूरदर्शनच्या मोफत डीटीएचची) छत्री, खाली एमपेग-४चा साधा सेट-टॉप बॉक्स, त्याला मागे एकच यूएसबी पोर्ट. फ्री डिशला महिन्याचे पैसे नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. रेकॉर्डिंगच्या दृष्टीने तिचा दुसरा फायदा जास्त मोठा आहे: बरेचसे चॅनेल कुलूप न लावता येतात, त्यामुळे बॉक्सने केलेली फाईल लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये सरळ उघडते. पैसे भरायच्या डीटीएचच्या बॉक्सवरचं रेकॉर्डिंग सहसा त्याच बॉक्सवर चालतं. बॉक्स गेला की रेकॉर्डिंगही गेलं.

रेकॉर्डिंग हवं होतं आप्पांना. ते साडेनऊला झोपतात आणि चारला उठतात. त्यांना आवडणारं सगळं नेमकं या दोन वेळांच्या मधे लागतं.

सुरुवात ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर झाली. दोन महिने चालला, मग फक्त वाचायला लागला, लिहायचं नाव नाही. हात लावला तर चटका बसायचा. नंतर कळलं की बॉक्समध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय चालू राहिली होती. चालू कार्यक्रम मधेच थांबवता यावा म्हणून बॉक्स दिवसभर, कोणी न सांगता, पेनड्राइव्हवर लिहीत होता. तुमच्या बॉक्सला ही सोय असेल तर डिस्क लावायच्या आधी ती बंद करा.

मे २०२४मध्ये कोल्हापूरला राजारामपुरीतल्या एका दुकानात गेलो. डब्ल्यूडी एलिमेंट्स, सीगेट एक्स्पान्शन, तोशिबा कॅनव्हिओ अशा पेट्या काउंटरवर मांडून दुकानदार वेगाचं कौतुक सांगत होता. एसएसडी (फिरती चकती नसलेली डिस्क) घ्या म्हणाला, पाचपट वेगवान. मी २ टीबीची साधी फिरती डिस्क घेतली. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात दोष तिचा नव्हता.

वेगाचं एवढ्यात उरकतो. आमच्या बॉक्सवर एका तासाच्या रेकॉर्डिंगची फाईल साधारण सव्वा जीबीची होते. म्हणजे सेकंदाला एमबीचा एक तृतीयांश. सगळ्यात रखडणारी हार्ड डिस्कसुद्धा याच्या कितीतरी पट वेगाने लिहिते. एसएसडीचे पैसे इथे वायाच जातील.

खरी गोम विजेची. यूएसबी २.० पोर्टने ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर द्यायचे असतात, यूएसबी ३.०ने ९००. माझ्या नव्या डिस्कच्या पाठीवर लिहिलं होतं ५ व्होल्ट, १ अँपिअर. आणि चकती थांबलेल्या अवस्थेतून फिरायला लागते तेव्हा सगळ्यात जास्त ओढते. लॅपटॉपला लावली तर गुमान चालायची. बॉक्सला लावली की आतून टिक, टिक, टिक, मग शांतता, मग पुन्हा टिक. बॉक्स म्हणतो, यूएसबी सापडलं नाही. एकदा तर डिस्क लावल्याबरोबर बॉक्सच बंद होऊन पुन्हा सुरू झाला. आई म्हणाली, "काढ ते, टीव्ही जाळशील." तिचं अगदीच चुकीचं नव्हतं.

मग दोन तोंडांची वायर आणली. एक तोंड बॉक्सला, दुसरं मोबाइलच्या चार्जरला. टिकटिक थांबली, डिस्क दिसली, बॉक्सने फॉरमॅट करू का विचारलं, मी हो म्हटलं. (या प्रश्नाला कोणाच्याही लग्नाचे फोटो असलेल्या डिस्कवर हो म्हणू नका. बॉक्स सगळं पुसतो आणि दुसऱ्यांदा विचारत नाही.) महिनाभर सुरळीत. मला वाटलं, जमलं.

२९ जून २०२४. टी-ट्वेन्टी विश्वचषकाची अंतिम लढत, डीडी स्पोर्ट्सवर, आपल्या वेळेनुसार रात्री आठला. आप्पांनी टायमर लावून घेतला आणि सगळ्यांना बजावलं की सकाळी मी बघेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. साडेअकराला गावात फटाके वाजले तेव्हाच ते जागे झाले आणि निकाल कळला तो कळला. पण कसं जिंकलो ते तरी बघू म्हणून पहाटे चहा घेऊन बसले. आफ्रिकेला तीस चेंडूंत तीस धावा हव्या होत्या, क्लासेन मारत सुटला होता, आणि चित्र थांबलं. फाईल तिथेच संपली. बुमराह नाही, हार्दिकचं शेवटचं षटक नाही, सूर्यकुमारने सीमारेषेवर घेतलेला तो झेल नाही. आमच्या डिस्कवर तो सामना आजही आफ्रिका जिंकते आहे.

डिस्कवर जागा होती १८०० जीबीच्या वर. मग फाईल का संपली? फॅट३२, म्हणजे डिस्कवर फाईल मांडायची एक पद्धत. बॉक्सने स्वतःच्या मेनूतून डिस्क फॅट३२ मध्ये फॉरमॅट केली होती आणि त्या पद्धतीत एक फाईल ४ जीबीच्या पुढे वाढूच शकत नाही. तासाला सव्वा जीबी धरलं तर तीन तास बारा मिनिटं. आठला दहा कमी असताना सुरू झालेलं रेकॉर्डिंग अकराच्या सुमाराला संपणारच होतं. काही बॉक्स ४ जीबी झाले की आपोआप दुसरी फाईल सुरू करतात. आमचा करत नाही, नुसता थांबतो, आणि थांबलो असं सांगतही नाही.

उपाय म्हणजे लॅपटॉपवर डिस्क एनटीएफएस या ४ जीबीची अट नसलेल्या पद्धतीत फॉरमॅट करणं. आमच्या बॉक्सला ते चाललं. शेजारच्या घरातल्या बॉक्सवर तीच डिस्क लावली तर फाईल दिसतात, चालतात, पण नवीन रेकॉर्डिंग होत नाही, कारण त्याला एनटीएफएस वाचता येतं, लिहिता येत नाही. एक्सफॅट ही तिसरी पद्धत तर दोन्ही बॉक्सना ओळखता आली नाही. म्हणून घेण्याआधी दुकानदाराला नव्हे, बॉक्सला विचारायचं: कोणाची तरी डिस्क एनटीएफएस करून लावा, चार तास सलग रेकॉर्डिंग करून बघा. आणि २ टीबीच्या वर जाऊच नका. त्यापुढच्या डिस्कची विभागणी वेगळ्या पद्धतीने करावी लागते आणि अशा स्वस्त बॉक्सना ती बहुतेक वेळा कळत नाही. तसंही २ टीबीमध्ये आमच्या हिशोबाने पंधराशे तास बसतात. एवढं बघणार कोण?

पुढचा घोटाळा १७ जुलैचा. आषाढी एकादशी, पंढरपूरची शासकीय महापूजा सह्याद्रीवर पहाटे थेट दाखवतात. टायमर दोनला. सकाळी बघतो तर रेकॉर्डिंगच नाही. टायमरच्या यादीत कार्यक्रमापुढे लाल फुली.

हे शोधायला मला दोन शनिवार लागले. बऱ्याच पोर्टेबल डिस्क काही मिनिटं काम नसलं की स्वतःहून झोपतात. लॅपटॉप अशा वेळी थोडं थांबतो, डिस्कला जागं होऊ देतो. आमचा बॉक्स स्टँडबायमधून उठला की तीन-चार सेकंद डिस्क शोधतो आणि नाही दिसली तर टायमर सोडून देतो. चकतीला वेगात यायला त्याहून जास्त वेळ लागतो. काही कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमधून ही झोप बंद करता येते. माझ्या डिस्कला ती सोय नव्हती.

ऑगस्टमध्ये आणखी एक तक्रार आली, पण ती डिस्कवर उगाचच होती. १ तारखेला स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. कांबळवाडी आमच्याच तालुक्यातली, त्यामुळे संध्याकाळी सातच्या बातम्या रेकॉर्ड करायच्या हा आप्पांचा हुकूम. केल्या. पण नेमक्या त्याच्या बातमीला चित्राच्या चौकटी चौकटी आणि आवाज तुटक. आप्पा म्हणाले, "तुझी डिस्कच बाद आहे." बाहेर पाऊस असा होता की अंगण दिसत नव्हतं. फ्री डिशचा सिग्नल जीसॅट-१५ या उपग्रहावरून केयू बँड नावाच्या लहरींवर येतो आणि दाट पावसात तो शोषला जातो. ओळखायची खूण सोपी आहे: थेट बघतानाही चौकटी पडत होत्या का? पडत असतील तर छत्री आणि पाऊस. थेट चित्र नीट आणि रेकॉर्डिंगच उड्या मारतंय, तर डिस्क किंवा तिची वायर.

लाईट जाण्याचं मात्र खरं दुखणं. रेकॉर्डिंग चालू असताना लाईट गेली की बॉक्स फाईल नीट बंद करत नाही आणि यादीत ती शून्य मिनिटांची दिसते. पुसून टाकू नका. बॉक्स जी टीएस प्रकारची फाईल बनवतो तिच्यात सगळी माहिती १८८ बाइटच्या सुट्या पुड्यांमध्ये असते, त्यामुळे शेवट तुटला तरी आधीचं शाबूत राहतं. लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये टाका, लाईट जाईपर्यंतचं बहुतेक सगळं दिसतं. मी असे तीन कार्यक्रम वाचवले.

दिवाळीत सगळं उपसलं. जुन्या लॅपटॉपची अडीच इंची डिस्क काढली. तिच्या पाठीवर ५ व्होल्ट, ०.५५ अँपिअर. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये तब्येत तपासली, एकही खराब सेक्टर नाही. डिस्क बसवून यूएसबीला जोडायचं साडेतीनशे रुपयांचं केसिंग आणि स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब आणला. पहिला हब परत करावा लागला, कारण तो उलटी वीज बॉक्सकडे पाठवत होता. बटण बंद केलं तरी बॉक्सचा दिवा मंद तेवत राहायचा आणि सकाळी बॉक्स सुरूच व्हायचा नाही. दुसऱ्या हबला ती खोड नाही. आणि त्या साध्या केसिंगला झोप ठाऊकच नाही, ते डिस्कला जागं ठेवतं. चोवीस तास फिरते म्हणून डिस्क टीव्हीच्या बंद कपाटातून काढून वरच्या फळीवर, वारा लागेल अशी ठेवली आहे. साडेतीन इंची मोठी, स्वतःच्या अडॅप्टरची डिस्कही चालली असती, पण तिचा आवाज आईला चालला नसता.

तेव्हापासून वर्ष होत आलं. पाच-सहा रेकॉर्डिंग गेली. त्यातली दोन लाईटमुळे, बाकीची आईमुळे. बॉक्सला चॅनेल पकडणारा ट्यूनर एकच, रेकॉर्डिंग चालू असताना चॅनेल बदलला की बॉक्स विचारतो, रेकॉर्डिंग थांबवू का? आई मालिकेच्या घाईत असते. ती ओके दाबते. यावर कुठल्याही डिस्कमध्ये इलाज नाही.

६ जुलै २०२५ला महापूजा पहाटे दोनपासून पूर्ण आली. आप्पांनी चारला उठून सुरुवातीपासून बघितली, मधे एकदा थांबवून चहा ठेवला.

डिस्कवर ५०० ऐवजी ४६५ जीबी दिसतात. काही बिघाड नाही, कंपनी हजाराने मोजते आणि बॉक्स १०२४ ने. त्यातले १४० भरलेत. जुनी डिस्क आहे, कधीतरी जाणारच, म्हणून दर दोन महिन्यांनी आप्पांची कीर्तनं लॅपटॉपवरून त्या २ टीबीच्या डिस्कवर उतरवून घेतो. गेल्या खेपेला त्यातून तो अर्धवट सामना वगळायला निघालो होतो. आप्पा म्हणाले, राहू दे.