कबच्या दरवाजाची बिजागरी: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

पायपर जे-३ कब या छोट्या दोन आसनी विमानाचं उडतं मॉडेल करताना आपण इंजिन, काउलिंग (इंजिनावरचं आवरण) आणि पंखांच्या फासळ्यांवर रात्रीच्या रात्री घालवतो आणि दरवाजा उरलेल्या वेळात उरकून टाकतो. मला हे पटत नाही. कबची ओळख त्या उजव्या बाजूच्या दरवाजात आहे. दरवाजा एकाच बाजूला आणि दोन झडपांचा. खिडकीची वरची झडप उचलून पंखाच्या पोटाला अडकवायची, खालची झडप बाहेर पाडून विमानाच्या अंगाला टेकवायची आणि दोन्ही उघड्या ठेवून उडायचं. १९३८ ते १९४७ या काळात पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवनमधून बाहेर पडलेली ही पिवळी विमानं आजही उन्हाळ्यात तशीच उडतात. मॉडेलचा दरवाजा बंदच चिकटवून टाकला तर मूळ विमानातला निम्मा आनंद तिथेच संपतो.

माझं मॉडेल एक चतुर्थांश मापाचं आहे. मूळ कबचा पंखविस्तार १०.७४ मीटर, म्हणजे माझ्याकडे जवळजवळ २.७ मीटर. सांगाडा बाल्सा (खूप हलकं, मऊ लाकूड) आणि लाइट प्लायचा (हलक्या प्लायवुडचा), वर कापडी कव्हरिंग, पुढे २० सीसीचं पेट्रोल इंजिन. दरवाजाच्या चौकटीची जाडी ६ मिलिमीटर. बाजारात मिळणाऱ्या आणि घरी करता येणाऱ्या बिजागऱ्यांचे चार प्रकार मी या विमानावर आणि त्याच्या बॅटरीच्या झाकणावर वापरून पाहिले. दरवाजावर शेवटी टिकली ती घरी केलेली पितळी नळी आणि तिच्यातून जाणारी एकच लांब तार. ती का टिकली, हे जरा सविस्तर सांगतो.

हॉबी दुकानात बिजागरी मागितली की हातात पडते ती एलेव्हेटर किंवा एलेरॉनची, म्हणजे शेपटीवरच्या किंवा पंखावरच्या हलत्या पट्टीची. तिचं काम निराळं. एलेव्हेटर वीस-तीस अंश वर-खाली होतो, पण एका उड्डाणात शेकडो वेळा आणि सतत वाऱ्याचा दाब सोसत. दरवाजा उड्डाणाआधी एकदा उघडतो आणि नंतर एकदा मिटतो. मात्र उघडतो तो पूर्ण. कबची वरची झडप साधारण नव्वद अंश, तर खालची थेट एकशे ऐंशी अंश. शिवाय दोन्ही टोकांना तिने निवांत पडून राहायला हवं, परत मूळ जागी यायची ओढ नको.

म्हणून सीए (सायनोॲक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा गोंद) बिजागरी दरवाजासाठी पहिल्याच फेरीत बाद. ती तंतूंची पातळ पट्टी असते. फटीत सरकवायची आणि वर पातळ सायनोॲक्रिलेट सोडायचं, ते पट्टीतून आपोआप आत झिरपतं. एलेरॉनसाठी ही पट्टी उत्तम, मी स्वतः दुसरं काही वापरत नाही. पण ती स्प्रिंगसारखी मूळ जागी यायला बघते आणि पूर्ण दुमडली की घडीवर तंतू तुटायला लागतात.

कंपनी आणि साहित्य याहून मोठा प्रश्न आहे तो खीळ, म्हणजे दरवाजा जिच्याभोवती फिरतो ती पिन, कुठे बसते याचा. दरवाजा बाहेर उघडतो. खीळ चौकटीच्या जाडीच्या मधोमध असेल, तर उघडताना दरवाजाची बाहेरची कड फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) कडेवर आपटते. मग ती कड तिरपी तासावी लागते आणि बंद दरवाजाभोवती पन्हळीसारखी खाच दिसत राहते. खीळ बाहेरच्या पृष्ठभागाच्या रेषेत आली, की बाहेरच्या कडा एकमेकींजवळच राहतात, उघडतात फक्त आतल्या. झडप अंगावर सपाट टेकवायची असेल तर खिळीचा मध्य पृष्ठभागावर किंवा केसभर बाहेर हवा. ६ मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या घ्या, बाहेरच्या बाजूने एकदा चिकटपट्टी लावा आणि एकदा आतल्या बाजूने, मग दोन्ही वेळा बाहेर उघडून बघा. पाच मिनिटांत सगळं कळतं. कोणतीही बिजागरी विकत घेण्याआधी हे करून बघाच.

नायलॉनची, मधे धातूची पिन असलेली बिजागरी वरच्या झडपेला काही महिने होती. हलकी, सहज मिळणारी, पाती पातळ, त्यामुळे बाल्सात खाच पाडणं सोपं. पण नायलॉनला कुठलाच गोंद मनापासून धरत नाही. इपॉक्सी पकडतं ते पात्यांना असलेल्या भोकांतून आरपार जाऊन, म्हणून पाती खरखरीत करायची, भोकं भरून घ्यायची आणि वरून टूथपिकचा तुकडा आडवा घालायचा. इपॉक्सी सांध्यात शिरू नये म्हणून पिनेवर व्हॅसलीन लावायची पद्धत आहे. ती योग्यच, पण इपॉक्सी सुकल्यावर ते व्हॅसलीन पुसून काढा. आपल्याकडची मैदानं मार्चनंतर धुळीची असतात आणि व्हॅसलीनवर बसलेली धूळ पॉलिशपेपरचं काम करते. माझ्या बिजागऱ्यांना उन्हाळा संपेपर्यंत एवढा खेळ (ढिलेपणा) आला, की झडप मागच्या बाजूला झुकून चौकटीवर टेकायला लागली. वंगण हवंच असेल तर पेन्सिलीच्या शिशाची कोरडी पूड घाला.

पुण्यातल्या बोहरी आळीत दागिन्यांच्या डब्यांना लावायच्या छोट्या पितळी बिजागऱ्या मिळतात. त्या दिसायला सुंदर असतात आणि स्वस्तही. त्या घ्यायच्याच असतील तर मूठभर घ्या आणि घरी प्रत्येक हलवून पाहा. एकाच पुडीत काही घट्ट निघतात, काही खुळखुळ्या. पण दरवाजाला त्या का नकोत, याचं कारण त्यांच्या दर्जात नाही. प्रत्येक बिजागरीला स्वतःची स्वतंत्र पिन असते. दोन बिजागऱ्या लावल्या, की दोन पिना अगदी एका रेषेत याव्या लागतात. किंचित फरक असला तरी दरवाजा अडतो, आणि जोर लावून उघडला तर स्क्रू बाल्सातून उपटून येतो. तीन लावल्या तर काम आणखी अवघड. बॅटरीच्या झाकणाला मी अशा दोनच लावल्या आहेत, जवळ जवळ, खाली लाइट प्लायची पट्टी देऊन. तिथे त्या अजून चोख आहेत.

आता नळी आणि तार. खऱ्या विमानांवर दरवाजे, झाकणं, काउलिंगच्या झडपा यांना लांबलचक पियानो बिजागरी (पूर्ण लांबीभर एकच पिन असलेली) लावतात, तिचाच हा छोटा अवतार. पितळी नळी १/१६ इंच बाहेरच्या मापाची घ्या, म्हणजे १.५९ मिलिमीटर. ०.०१४ इंच जाडीच्या भिंतीच्या नळीचं आतलं भोक ०.८८ मिलिमीटर येतं. त्यात १/३२ इंचाची, म्हणजे ०.७९ मिलिमीटरची पियानो वायर (कडक पोलादी तार) बसते. ढिली नाही, घट्ट नाही. ही जोडी मिळाली की निम्मं काम झालं. वजनाची काळजी नको. अशी ३० मिलिमीटर नळी साधारण एक तृतीयांश ग्रॅम भरते, तार धरूनही अर्ध्या ग्रॅमच्या आसपास.

नळी पक्कडीने तोडू नका, ती चेपते. आत तार घालून काचेवर किंवा फरशीवर ठेवा आणि धारदार कटरखाली हलक्या हाताने पुढे-मागे लाटा. गोल चीर खोल झाली की तुकडा मोडून येतो. आतली बारीक कड सुईकानशीने काढा. ही कड राहिली तर पुढे सगळं अडतं. मी सहा मिलिमीटरचे तुकडे करतो आणि पाच तुकड्यांची एक बिजागरी: तीन फ्यूजलाजकडे, दोन दरवाजाकडे, एकाआड एक. प्रत्येक तुकड्याला पातळ पितळी पत्र्याचं छोटं पान झाळायचं. झाळताना आतल्या तारेला तेल लावून ठेवा, म्हणजे सोल्डर आत ओढलं गेलं तरी तारेला धरणार नाही. ॲसिड फ्लक्स (सोल्डर धरावं म्हणून लावायचं आम्लयुक्त द्रव्य) वापरलात तर नंतर गरम पाण्याने आणि ब्रशने स्वच्छ धुवा. उरलेला फ्लक्स काही दिवसांतच तार गंजवतो.

लहान विमानासाठी, म्हणजे मीटर-सव्वा मीटर पंखविस्ताराच्या मॉडेलसाठी, औषधाच्या दुकानातली इंजेक्शनची सुई कामाला येते. नवी, सीलबंद. १८ गेजच्या सुईचं भोक ०.८४ मिलिमीटर असतं, त्यात हीच १/३२ इंचाची तार जाते. २१ गेजच्या सुईला ०.०१८ इंचाची गिटारची साधी तार चालते. टोक आधी मोडून बोथट करा, छोट्या कटिंग डिस्कने कापा आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा. स्टेनलेस स्टीलला साधं सोल्डर धरत नाही, त्यामुळे इथे दोरा गुंडाळून इपॉक्सी हाच मार्ग. गंजत नाही, हा मोठा फायदा.

बसवताना सगळ्या बिजागऱ्यांतून एकच लांब तार आधी ओवायची आणि मगच गोंद लावायचा. रेषा तारच जुळवते, आपल्याला डोळ्यांनी जुळवावी लागत नाही. या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि विकतच्या कुठल्याच बिजागरीत तो मला मिळाला नाही. बाल्सावर थेट चिकटवू नका, कडेला दीड मिलिमीटर लाइट प्लायची पट्टी द्या. पट्टीत नळीच्या निम्म्या जाडीएवढी खाच काढा, म्हणजे खिळीचा मध्य बरोबर पृष्ठभागाच्या रेषेत येतो. आधी दरवाजाकडची पानं पक्की करा. मग दरवाजा चौकटीत मिटून चारही बाजूंना व्हिजिटिंग कार्डाचे तुकडे अडकवा आणि त्याच स्थितीत फ्यूजलाजकडची पानं चिकटवा. सावकाश सुकणारं इपॉक्सी वापरा. पाच मिनिटांचं इपॉक्सी तुमच्या हातापेक्षा घाईत असतं.

फट किती ठेवायची, हे आपल्या हवेवर ठरतं. परदेशी सूचनापत्रकांत अर्धा मिलिमीटर वाचायला मिळतो. मी मार्चमध्ये, कोरड्या हवेत, जवळजवळ एक मिलिमीटर ठेवली, त्यात कव्हरिंगच्या दुमडलेल्या कापडाची जाडी वेगळी धरली. जुलैत लाकूड फुगलं तेव्हा खालच्या कडेची फट डोळ्यांना दिसेल इतकी कमी झाली होती, पण दरवाजा अडला नाही.

वरच्या झडपेत पारदर्शक शीट असते. तिच्या जवळपास सायनोॲक्रिलेटची बाटलीसुद्धा उघडू नका. त्याची वाफ शीटवर बसून पांढरं धुकं तयार होतं आणि ते पुसून जात नाही. खिडकीला सुकल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद, बिजागरीला इपॉक्सी.

इतक्या महिन्यांत बदललं काय? पितळात दिसण्याजोगी झीज नाही, खेळ पहिल्या दिवशी होता तेवढाच. तारेला मात्र पावसाळ्यात तांबूस डाग पडले. तार काढून बारीक स्टील वूलने पुसली, तेलाचा हात फिरवून कोरडी केली आणि परत ओवली. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहत असाल तर सुरुवातीलाच स्टेनलेस तार घ्या. पेट्रोल इंजिनच्या थरथरीने तार हळूहळू पुढे सरकते, म्हणून तिचं मागचं टोक काटकोनात वळवून आत दडवलं आहे आणि पुढच्या टोकावर सिलिकॉनचा थेंब. थेंब नखाने निघतो, तार ओढली की दरवाजा हातात येतो. कव्हरिंग दुरुस्त करताना याचं मोल कळलं.

हवेतला अनुभव आणखी चांगला. कबच्या दोन्ही खिळी विमानाच्या लांबीच्या दिशेने आहेत, त्यामुळे समोरचा वारा झडपेच्या कडेत शिरून तिला उपटत नाही, तिच्या अंगावरून निघून जातो. वरची झडप पंखाखाली ५ मिलिमीटरच्या निओडिमियम चुंबकाने धरली आहे आणि जोडीला तारेची छोटी कडीही आहे. चुंबक एकटा पुरतो, पण थरथर असताना मी एकट्यावर विसंबणार नाही. खालची झडप मोकळीच सोडतो. खऱ्या कबचे वैमानिक सांगतात, की वेग कमी होत स्टॉल (पंखांची उचल तुटण्याची स्थिती) जवळ आला की खालची उघडी झडप आपोआप वर उचलली जाते. माझ्या मॉडेलवरही हळू फेरीत ती अंगापासून सुटून थरथरताना खालून दिसते. बिजागरी जरा जरी जड चालली असती, तर हे दिसलंच नसतं.

तुमचं मॉडेल फोमचं असेल तर हा सगळा खटाटोप करू नका, चांगल्या चिकटपट्टीची घडी दोन्ही बाजूंनी पुरते. थ्रीडी प्रिंट केलेल्या बिजागऱ्या मी एका मित्राच्या विमानावर पाहिल्या. पीएलए या प्रिंटिंगच्या प्लास्टिकचे भाग उन्हात बंद गाडीच्या डिकीत वाकले होते. पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक त्याहून बरं. आणि सेस्ना १७२ करणाऱ्यांसाठी: तिचे दरवाजे पुढच्या कडेवर फिरतात, म्हणजे वारा त्यांना मिटलेलंच ठेवतो, ही सोय आहे. पण फ्यूजलाजची बाजू वक्र असली तरी खिळीची रेषा सरळच हवी, त्यामुळे वरच्या आणि खालच्या बिजागरीची पानं वेगवेगळ्या उंचीची करावी लागतात. तिथेही आधी तार ताणून घ्या, आणि मग तारेपासून लाकडापर्यंतचं अंतर मोजून पानं कापा.